फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा आणि आपल्या बोअरचं पाणी

काळ्या रानातली चमचाभर कोरडी माती घ्या. ढेकळं फोडून, चाळून काचेच्या ग्लासात टाका, वर पाणी भरा आणि मिथिलीन ब्लूचे दोन-चार थेंब सोडा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते असतं, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातही मिळतं. नीट ढवळा आणि ग्लास रात्रभर ठेवून द्या. सकाळी माती तळाशी बसलेली असेल आणि वरच्या पाण्यातली निळाई जवळजवळ गेलेली असेल. आता दुसऱ्या ग्लासात तीच माती, तेवढंच पाणी, फक्त निळ्याच्या जागी इओसिनची लाल शाई. सकाळी बघा, पाणी लालच.

माती तीच, पाणी तेवढंच, वेळही तेवढाच. एक रंग मातीने धरून ठेवला, दुसरा तिला धरता आला नाही. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे रेणू असे चिकटून राहतात, त्याला रसायनशास्त्रात अधिशोषण म्हणतात. एखादा पदार्थ किती धरेल हे त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. समोर कोण आहे, पाणी कसं आहे, आजूबाजूला आणखी कोणकोण आहे, या सगळ्यावर ते ठरतं.

मुळात रेणू चिकटतात कशामुळे? घन पदार्थाच्या आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे त्याच्यावरची ओढ सगळीकडून सारखी असते. पृष्ठभागावरच्या अणूला बाहेरच्या बाजूला शेजारीच नाही. त्याची तेवढी ओढ शिल्लक राहते आणि जवळून जाणारा वायूचा किंवा पाण्यात विरघळलेला रेणू तिच्यात सापडतो. तो आत मुरत नाही, पृष्ठभागावरच थांबतो.

हा विषय मी घेतला तो पिण्याच्या पाण्यासाठी. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत हापशाच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि प्रमाण फार असेल तर मोठ्यांची हाडं आणि सांधे ताठरतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. यावर उपाय म्हणून सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे फिल्टर विकले जातात. अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, त्याचे बारीक छिद्रांचे दाणे फिल्टरमध्ये भरलेले असतात. एक किलो माल इतकं फ्लोराइड धरतो असा आकडा खोक्यावर आणि माहितीपत्रकावर छापलेला असतो, आणि त्यावरून फिल्टर किती महिने चालेल याचा हिशेब मांडला जातो. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा खरा असला तरी तो आपल्या पाण्याचा नसतो.

आधी पृष्ठभागाचं बघू, आणि त्यासाठी वास-रंग काढणाऱ्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा उदाहरणाला घेऊ. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे एवढ्याशा कोळशात पाच ते पंधरा गुंठे रान झालं. हे क्षेत्र दडलेलं असतं आतल्या छिद्रांत. करवंटी किंवा लाकूड आधी जाळून कोळसा करतात, मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि आत बारीक भुयारांचं जाळं तयार होतं. चुलीतल्या किंवा भट्टीतल्या बाभळीच्या कोळशावर ही प्रक्रिया झालेली नसते. वाळू-खडी-कोळशाच्या घरगुती गाळणीत तो घालतात, थोडाफार वास आणि रंग कमी होतो, पण बाजारातल्या सक्रिय कोळशाची सर त्याला येत नाही. जंतू मारण्याचं काम तर दोघांपैकी कुणाचंच नाही.

अधिशोषक, म्हणजे धरणारा पदार्थ, जितका बारीक कुटाल तितका पृष्ठभाग जास्त, असं शाळेत शिकवतात. दगडाच्या बाबतीत ते खरं आहे. सक्रिय कोळशाच्या किंवा अ‍ॅल्युमिनाच्या बाबतीत ते अर्धंच खरं. त्यांचा बहुतेक सगळा पृष्ठभाग आधीपासून आत असतो, कुटून त्यात फारशी भर पडत नाही. फरक पडतो तो वेगात. दाणा लहान झाला की रेणूला आतपर्यंत पोचायला कमी अंतर कापावं लागतं. त्यामुळे बारीक दाण्याचा फिल्टर लवकर काम करतो, पण शेवटी धरतो साधारण तेवढंच.

छिद्राचा आकारही महत्त्वाचा. करवंटीच्या कोळशात दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रं जास्त असतात, त्यांत वायूचे आणि वास देणारे लहान रेणू पक्के बसतात. उसाच्या रसातल्या किंवा मळीतल्या तपकिरी रंगाचे रेणू मोठे, ते त्या छिद्रांच्या तोंडाशीच अडतात. त्यांच्यासाठी लाकडापासून केलेला, रुंद छिद्रांचा कोळसा लागतो. रेणू आत शिरूच शकत नसेल तर पंधरा गुंठ्यांचा काही उपयोग नाही.

आपल्या काळ्या मातीचं क्षेत्रही काही कमी नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. अतिशय पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेले, आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरतं. म्हणून पावसाळ्यात रान फुगतं आणि उन्हाळ्यात त्याला हात जाईल अशा भेगा पडतात. आतले-बाहेरचे सगळे पापुद्रे धरले तर शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. कोकणातल्या तांबड्या मातीत जास्त आढळणाऱ्या केओलिनाइटचा जेमतेम १० ते २०.

या पापुद्र्यांत आणखी एक गोष्ट आहे. स्फटिक तयार होताना काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन. जिथे जिथे अशी अदलाबदल झाली तिथे एक ऋणभार उघडा राहिला, आणि तो कायमचा. मिथिलीन ब्लूचा रेणू धनभारित आणि चपटा, तो या पापुद्र्यांवर घट्ट बसतो. इओसिन ऋणभारित, त्याला माती दूर लोटते. दोन ग्लासांचं गुपित ते एवढंच.

शेतात रोज हेच चालू असतं. युरिया टाकला की काही दिवसांत मातीतल्या जीवाणूंच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धनभार, म्हणून काळी माती तो धरून ठेवते. पुढे दुसरे जीवाणू त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार, त्याला थांबायला जागा नाही, जोराचा पाऊस झाला की तो मुळांच्या खाली निघून जातो. खत एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या असं कृषी सहायक सांगतात, त्यामागे हे कारण आहे. भारी रानात खत टिकतं आणि मुरमाड रानात वाहून जातं, हा अनुभवही यातूनच येतो.

कोण धरला जाईल हे भारावरच ठरतं असं मात्र नाही. वायूंना भार नसतो, तरी कोळसा त्यांच्यात निवड करतोच. १५ अंश सेल्सिअसला एक ग्रॅम सक्रिय कोळसा सल्फर डायऑक्साइड सुमारे ३८० मिलिलिटर धरतो, अमोनिया १८०, कार्बन डायऑक्साइड ४८, ऑक्सिजन आणि नायट्रोजन प्रत्येकी ८ आणि हायड्रोजन ५ पेक्षाही कमी. पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या दिले जाणारे हे आकडे आहेत आणि त्यांतला क्रम बघण्यासारखा आहे. जो वायू सहज द्रवरूप होतो तो जास्त धरला जातो. सल्फर डायऑक्साइड १५७ अंशांपर्यंत नुसत्या दाबाने द्रवरूप करता येतो, हायड्रोजनला आधी उणे २४० अंशांपर्यंत गार करावं लागतं. ज्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त, त्यांना कोळशाचीही ओढ जास्त.

पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं गणित थोडं वेगळं. तिथे रेणूला दोन ठिकाणी राहता येतं, पाण्यात किंवा पृष्ठभागावर. ज्याचं पाण्याशी फारसं जमत नाही तो पृष्ठभागाकडे जातो. वास आणि रंग देणारे सेंद्रिय रेणू, कीटकनाशकांचे अंश हे कार्बनवर छान बसतात. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड यांना पाणी घट्ट वेढून असतं, त्यांना कार्बनकडे जायचं कारणच नाही. घरच्या मशीनमधली कार्बनची कांडी क्षार काढते असा समज गावोगाव आहे, तो चुकीचा आहे. आरओ मशीनमध्ये क्षार आणि फ्लोराइड कमी होतात ते पडद्यामुळे. नुसत्या कार्बन फिल्टरमधून फ्लोराइड जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं.

आता प्रमाणाकडे वळू. वायू असेल तर त्याचा दाब, द्रावण असेल तर त्याची तीव्रता. बाजारच्या दिवशीची एसटी डोळ्यांसमोर आणा. स्टँडवर चार माणसं असतील तर चारही बसतात, दहा असतील तर दहाही. गर्दी वाढली की जागा भरत जातात, आणि सगळ्या भरल्या की स्टँडवर दोनशे माणसं असली तरी बसलेल्यांचा आकडा तोच. शिवाय बसलेला माणूस कायमचा बसलेला नसतो. थांब्या-थांब्याला कुणी उतरतं, कुणी चढतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये नेमकं हे गणितात बसवलं. पृष्ठभागावर जागा ठरावीक, एका जागी एक रेणू, येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा वेग सारखा झाला की समतोल. पृष्ठभागाच्या रसायनाबद्दल त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. प्रत्यक्षातले पृष्ठभाग इतके एकसारखे नसतात, काही जागा जास्त ओढीच्या आणि काही कमी, आणि वायू थंड असेल तर थरावर थरही चढतात. पण मूळ आकार हाच.

याचा व्यवहारातला अर्थ बियाण्याच्या डब्यात दिसतो. सिलिका जेलची पुडी हवेत ८० टक्के आर्द्रता असताना आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरते, २० टक्के असताना दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे श्रावणात ती जोरात काम करते आणि एप्रिलमध्ये तिला धरायला फारसं काही नसतं. बियाणं अगदी कोरडं करायचं असेल तर झिओलाइट हा सच्छिद्र खनिज पदार्थ बरा. त्याची छिद्रं इतकी अरुंद आणि पाण्याची त्याला इतकी ओढ की हवा कोरडी असतानाही तो वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी धरतो. जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात हा फरक माहीत असणं पैशांचं काम आहे.

आणि फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा पहिल्यांदा चुकतो तो इथेच. प्रयोगशाळेत चाचणी घेताना पाण्यात लिटरला १० किंवा २० मिलिग्रॅम फ्लोराइड घालायची पद्धत आहे, तेवढ्यावर मोजमाप सोपं जातं. गर्दी जास्त, म्हणून जागाही जास्त भरतात आणि आकडा मोठा येतो. आपल्या हापशाच्या पाण्यात असतं दोन किंवा तीन मिलिग्रॅम. तोच माल तेवढ्या पाण्यात कमीच धरणार.

तापमानाबद्दल थोडक्यात. रेणू पृष्ठभागावर बसला की उष्णता बाहेर पडते. ओढ हलकी असेल तर एका मोलमागे २० ते ४० किलोज्यूल, रासायनिक बंध झाला तर ८० ते २४०. उष्णता सोडणारी क्रिया उष्णतेत मागे हटते, म्हणून हलक्या ओढीने धरलेला वायू तापवला की सुटतो. ओल धरून निळ्याची गुलाबी झालेली सिलिका जेल १२० अंशांच्या भट्टीत ठेवली की पाणी सोडून पुन्हा निळी होते, ती याच नियमाने. रासायनिक अधिशोषण मात्र आधी तापवल्यावर वाढतं आणि मग कमी होतं, कारण बंध जुळायला सुरुवातीला थोडा धक्का लागतो. युरियाच्या प्रत्येक पोत्यामागे असा एक पृष्ठभाग आहे. अमोनियाच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंशांना लोखंडावर नायट्रोजनचा रेणू चिकटतो, त्याचे दोन अणू तिथेच सुटे होतात आणि त्यांना हायड्रोजन जोडला जातो. गेरहार्ड एर्टल यांनी या पायऱ्या एकेक करून उलगडल्या. त्यांना २००७ चं नोबेल मिळालं.

फ्लोराइडसाठी खरा कळीचा मुद्दा आहे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचं माप. काळ्या मातीचा ऋणभार कायमचा, हे आपण बघितलं. अ‍ॅल्युमिनाचं तसं नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात. पाणी आम्लधर्मी असेल तर त्या एक हायड्रोजन आयन जास्तीचा घेतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. पाणी अल्कधर्मी असेल तर त्या आपल्याकडचा हायड्रोजन सोडतात आणि पृष्ठभाग ऋणभारित होतो. ही पलटी साधारण ८ ते ९ सामूच्या दरम्यान होते. फ्लोराइड ऋणभारित, त्याला धनभारित पृष्ठभाग हवा. म्हणून सामू ५ ते ६ असताना अ‍ॅल्युमिना फ्लोराइड उत्तम धरतं. सामू फार खाली नेला तर अ‍ॅल्युमिनाच विरघळायला लागतं, त्यामुळे तिकडेही मर्यादा आहे. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. म्हणजे पृष्ठभागाचा धनभार जिथे संपत आलेला असतो, नेमका तिथेच आपण त्याच्याकडून काम मागतो.

आणि मग स्पर्धा. पृष्ठभागावर जागा ठरावीक असतील तर त्या मागणारे किती, हा प्रश्न येतोच. शेतात याची उदाहरणं पावलोपावली आहेत. कोरड्या ढेकळावर उगवणपूर्व तणनाशक फवारलं की औषध मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि उगवणाऱ्या तणापर्यंत पोचत नाही. ओल असेल तर त्या जागा पाण्याने आधीच घेतलेल्या असतात, औषध मोकळं राहतं आणि काम करतं. वापसा असताना फवारा, ही सूचना म्हणूनच. काही तणनाशकांच्या लेबलवर हलक्या आणि भारी जमिनीसाठी मात्रा वेगळी दिलेली असते. भारी रानात मातीच बरंचसं औषध धरून बसते, म्हणून तिथे जास्त लागतं. मृगाची पहिली सर आली की येणारा मातीचा वासही काही अंशी असाच सुटतो. उन्हाळाभर खडकांनी आणि मातीने धरून ठेवलेले तेलकट पदार्थ पाणी येताच जागा सोडतात. ऑस्ट्रेलियात इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला.

उलटंही घडतं. फवारणीसाठी नाल्याचं गढूळ पाणी पंपात भरतात. पॅराक्वाट या तणनाशकाचा रेणू चपटा आणि दोन धनभारांचा, मिथिलीन ब्लूच्याच जातकुळीतला. गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण त्याला पंपातच पकडतात आणि तणावर पडतं ते निकामी झालेलं औषध. ग्लायफोसेटचंही तसंच. शेतकरी दुकानदाराला म्हणतो औषध बनावट आहे. कधी ते बनावट असतंही, पण पाणी निवळून घेतल्याशिवाय तसा निकाल देऊ नये.

अ‍ॅल्युमिनावर फ्लोराइडची जागा पळवणारे कोण? सगळ्यांत जोरदार हायड्रॉक्साइड, म्हणजे पुन्हा सामूच. मग सिलिका, फॉस्फेट, आणि बायकार्बोनेट, जे पाण्याचा सामू खाली उतरूही देत नाही. साध्या मिठातलं क्लोराइड त्या मानाने निरुपद्रवी. म्हणून पाणी चवीला किती खारं आहे यावरून फिल्टर किती चालेल याचा अंदाज बांधता येत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती फिल्टर घेताना कुणी सांगत नाही. फ्लोराइड ज्या पाण्यात जास्त असतं ते पाणी कसं असतं? मराठवाडा बहुतेक बेसाल्टचा, पण नांदेडच्या पूर्वेकडे ग्रॅनाइट आणि त्याच्यासारखे जुने खडक वर येतात, फ्लोराइड असलेली खनिजं त्यांत अधिक. पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं तितकं फ्लोराइड त्यात उतरतं, म्हणून वरचे झरे आटल्यावर खोल बोअरकडे गेलं की धोका वाढतो. पण खडकातून उतरलेलं फ्लोराइड पाण्यात टिकायला कॅल्शियम कमी असावं लागतं. कॅल्शियम भरपूर असेल तर त्याच्याशी जोडून फ्लोराइड घट्ट स्वरूपात खाली बसतं. चिकणमाती पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे धरते आणि त्या बदल्यात सोडियम सोडते, हेही अधिशोषणच. अशा रीतीने तयार होतं ते सोडियम आणि बायकार्बोनेटचं, अल्कधर्मी, मऊ पाणी. फ्लोराइड तिथेच सगळ्यांत जास्त. म्हणजे ज्या पाण्याला फिल्टरची खरी गरज आहे, त्याच पाण्यात सामू चढा असतो आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून काढलेला आकडा अशा पाण्यात टिकत नाही. तीव्रता, सामू आणि स्पर्धक, तिन्ही बाजूंनी तो घसरतो.

वेळेचं वेगळं सांगायला हवं. फ्लोराइडला दाण्याच्या आतल्या छिद्रांपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोटी पूर्ण सोडली की पाणी दाण्यांना चाटून निघून जातं, आतल्या जागा मोकळ्याच राहतात आणि फिल्टर संपला असं वाटतं. बारीक धार ठेवली तर तोच फिल्टर जास्त दिवस चालतो. रांजणावर बसवलेल्या छोट्या फिल्टरला घाई केली तर पाणी जवळजवळ न गाळल्यासारखं.

फ्लोराइड काढायची आणखी एक देशी पद्धत आहे, नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळतात. तुरटीपासून अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे गुठळीसारखे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटून तळाशी बसतं आणि वरचं पाणी घेतात. धरणारा पृष्ठभाग इथेही अ‍ॅल्युमिनियमचाच, फक्त तो पाण्यातच ताजा तयार होतो. तुरटी-चुन्याचं प्रमाण पाण्याच्या बायकार्बोनेटप्रमाणे बदलावं लागतं. ते मोजून न टाकता अंदाजाने टाकलं तर उरलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात राहतं.

मग गावाने करायचं काय? फिल्टर घेण्याआधी विक्रेत्याला सांगा की चाचणी आमच्या हापशाच्या पाण्यावर करून दाखवा, तुमच्या पाण्यावर नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचं फ्लोराइड, सामू आणि अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट किती ते, तपासून मिळते. तिन्ही आकडे हातात असल्याशिवाय फिल्टर किती चालेल याचा हिशेब करता येत नाही. फिल्टर बसल्यावर बाहेर येणाऱ्या पाण्यातलं फ्लोराइड ठरावीक दिवसांनी तपासा, आणि किती हंडे गाळले त्याची नोंद ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की माल पुन्हा तयार करायची वेळ आली. टीडीएस मीटर यासाठी चालत नाही. तो पाण्यातल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, आणि आठशे टीडीएसच्या पाण्यात दोन मिलिग्रॅम फ्लोराइड त्याला दिसतच नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ जाते आणि फ्लोराइड मागे राहून उलट वाढतं.

माल पुन्हा तयार करणं म्हणजे आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं उलटं फिरवणं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडलं की सामू चढतो, हायड्रॉक्साइडची गर्दी होते आणि बसलेलं फ्लोराइड उठून बाहेर पडतं. नंतर सौम्य आम्लाने धुऊन पृष्ठभाग पुन्हा धनभारित करतात. दर खेपेला क्षमता थोडी कमी होते. हे काम घरी करू नये, कॉस्टिक आणि आम्ल दोन्ही भाजणारे आहेत. प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं. त्यातून निघालेल्या धुवणात महिनोन्‌महिने साठलेलं फ्लोराइड एकवटलेलं असतं. ते हापशाजवळच्या शोषखड्ड्यात किंवा नाल्यात सोडू देऊ नका, आणि त्याची विल्हेवाट कोण आणि कुठे लावणार हे फिल्टरच्या करारातच लिहून घ्या.